विमानाची फिल्म आणि शालूबाईचं कुंकू

आष्टा, ता. ४ फेब्रुवारी १९४६

तीर्थस्वरूप आप्पासो यांस,
नाथाजीचा साष्टांग नमस्कार.

आपल्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढायची नाही, असं आपण तीन वर्षांमागं साताऱ्यात मला सांगितलं होतं. मी चढलेलो नाही. हे पत्र घेऊन पोस्टमन चढेल. त्याच्यावर आपला राग नसावा.

पत्र निव्वळ कामाचं आहे. घरगुती काही नाही. सात वर्षं आपल्या हाताखाली फोटोचं काम शिकून शेवटी मी आपल्याच मुलीशी लग्न केलं, आणि आपण तिच्यासाठी पाहून ठेवलेला कचेरीतला कारकून तसाच राहिला, या विषयावर मी इथं एक अक्षर लिहिणार नाही.

माझा एक मित्र आहे. तोही फोटोग्राफर आहे. आष्ट्यात माझ्याशिवाय दुसरा फोटोग्राफर नाही हे आपल्याला ठाऊक असेल, तर मित्र आष्ट्याचा नाही असं धरावं. लढाई संपली आणि लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यातला फिल्मचा एक डबा या मित्राला केरबानं आणून दिला. केरबा म्हणजे आमच्या गावचाच, लढाईत विमानतळावर ट्रक चालवायचा, आता सुटून आलाय. डबा भाकरीच्या टोपल्याएवढा आहे. आत एकच गुंडाळी, वीतभर रुंद, आणि लांबी किती ते देवाला ठाऊक. विमानातून खालचा मुलूख टिपायला ही फिल्म वापरत. हल्ली काचेच्या प्लेटा मिळत नाहीत, हे आपण जाणताच. मित्राला तो डबा बघून रडू आलं.

पण डब्यावरची चिठ्ठी अर्धी फाटलेली. डेव्हलपर कोणता, त्यात फिल्म ठेवायची किती वेळ, काही कळायला मार्ग नाही. केरबाला विचारलं तर म्हणतो, "लय भारी फिल्म हाय. धुक्याच्या पल्याडचं दिसतंय ह्यातनं." बरं, पण धुवायची कशी? तर म्हणतो, "त्ये साहेब लोक बघायचं. आमी ट्रक धुवायचो."

मित्रानं अंधारात फिल्म कापून प्लेटेच्या चौकटीत बसवली, देवळाचा फोटो घेतला, आणि आपण शिकवलं तशी लाल कंदिलाच्या उजेडात, डोळ्यानं बघत बघत धुतली. डेव्हलपर नेहमीचाच, मेटॉल, हायड्रोक्विनोन आणि सोडा. देऊळ आलं नाही. काहीच आलं नाही. फिल्म तव्याच्या बुडासारखी काळी झाली. दुसरी घातली, तीही काळी. तिसऱ्या वेळी मित्रानं सोडा दुप्पट केला, तर ती लवकर काळी झाली.

तरी मित्रावर कृपा करून डेव्हलपर आणि वेळ कळवावी. पत्र फाडायचं असल्यास मागची बाजू वाचून फाडावं. तिथं लीलाचं अक्षर आहे.

आपला आज्ञाधारक (जमलं तेवढा),
नाथाजी

ती. आबांस,
मित्र वगैरे कोणी नाही. डबा आमच्याच माजघरात आहे. हे रोज संध्याकाळी त्याच्यावर हात फिरवतात, गाभण म्हशीवर फिरवावा तसा. मी बरी आहे. आईला नमस्कार सांगा. तिनं पाठवलेलं मेतकूट पोचलं. हे शेवटचं वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा.
लीला


आष्टा, ता. १९ फेब्रुवारी १९४६

तीर्थस्वरूप आप्पासो यांस, सा. न.

आपलं कार्ड मिळालं. पत्त्यावर 'मालक, फोटोचं दुकान, आष्टा' एवढंच. आत नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, सही नाही. मजकूर असा: 'कंदील विझवा. या फिल्मला लाल उजेड दिसत असणार. पूर्ण अंधार करा. बघून धुवू नये, वेळ मोजून धुवावी.'

मी कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. आपण 'विझवा' लिहिलंत. 'विझव' नाही. दुकानात होतो तेव्हा मला 'विझव रे' असायचं. लीला म्हणते, "मनाला लावून घेऊ नका. आबा परक्या माणसाला असंच लिहितात." पण परक्याला कार्ड तरी कोण लिहितं?

मित्र वारला असं समजावं. फिल्म माझीच आहे.

कंदील विझवला. देऊळ आलं! कळस आला, पायरीवर झोपलेलं कुत्रं आलं. पण आता अडचण अशी, की पूर्ण अंधारात घड्याळाचे काटे कसे दिसणार? मग लीलानं जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या असं ठरलं. घड्याळासमोर बसून एका ओवीला किती वेळ लागतो ते आम्ही पाहून ठेवलं. ती दाराबाहेर बसून म्हणते, मी आत ट्रे हलवतो.

पहिल्या दिवशी चोख काम झालं. दुसऱ्या दिवशी तिला माहेरच्या ओव्या सुचल्या. त्यात एक आईची आली, एक बापाची आली, आणि बाहेरचा आवाज बंद झाला. मी आत अंधारात ट्रे हलवतोय, ओवी संपली की चालू आहे काही समजेना. हाक मारावी तर तेही बरं दिसेना. बाहेर आलो तेव्हा फिल्म शिजून खरपूस झाली होती. म्हणून मी सुचवलं की सासरच्या ओव्या म्हण. त्या ती अशा भराभर उरकते की फिल्म कच्ची राहते.

वेळ साधली तरी दुसरं दुखणं आहेच. फोटो फार कडक येतो. नाक-कपाळ चुन्यासारखं, आणि डोळ्यांच्या खोबणीत कोळसा. रामोशीवाड्याजवळच्या सुताराचा फोटो काढला, तर त्याच्या आईनं मला विचारलं, "ह्यो कोण म्हनायचा?" यावर उपाय काय? सोडा वाढवू का कमी करू? पायरो वापरू का? आपण काचेच्या प्लेटांना पायरोचा डेव्हलपर वापरायचात, तेव्हा आपले हात महिनाभर तपकिरी असत, ते आठवतं.

आपला,
नाथाजी

आबा,
माझा गळा भरून आला नव्हता. दाराच्या फटीतून सोड्याचा वास येत होता.
लीला


आष्टा, ता. ११ मार्च १९४६

तीर्थस्वरूप आप्पासो यांस, सा. न.

दुसरं कार्ड आलं. 'हायड्रोक्विनोन बंद. सोडा बंद. पायरोचं नाव काढू नये. मेटॉल, सल्फाइट, आणि थोडा टाकणखार. पाणी रांजणातलं, थंड. काम सावकाश होईल, घाई करू नये. वेळ मी सांगणार नाही, मी ती फिल्म पाहिलेली नाही. एकाच फोटोच्या पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी वेगळा वेळ ठेवा आणि तुमचं तुम्ही ठरवा.'

'तुमचं तुम्ही ठरवा' हे वाक्य मी लीलाला मोठ्यानं वाचून दाखवलं. आपल्या तोंडून हे वाक्य तीन वर्षांपूर्वी निघालं असतं तर फार सोपं झालं असतं, असं ती म्हणाली. मी म्हणालो, कामाच्या पत्रात हे नको.

टाकणखार आणायला वाण्याकडं गेलो तर तो म्हणाला, "तोंड आलंय व्हय?" मी म्हणालो, फोटोला पाहिजे. तेव्हापासून तो मला बघितलं की, "फोटोचं तोंड बरं झालं का?" असं विचारतो.

पण आप्पासो, काय सांगू! केरबाला उन्हात बसवला, फोटो घेतला, फिल्मच्या पट्ट्या केल्या. एक लवकर काढली, एक त्याहून उशिरा, असं करत शेवटची तर विसरलोच होतो. मग सगळ्या दोरीवर ओळीनं टांगल्या. पहिली पाण्यासारखी फिकी, शेवटची डांबरासारखी. पण मधल्या एका पट्टीत केरबाच्या मिशीतला केस न् केस वेगळा! तीच आमची वेळ ठरली. तेवढ्या वेळात बाईमाणूस दोन भाकरी थापून भाजून टोपल्यात टाकील. आता मी डेव्हलपर ओतला की लीला चुलीपुढं पीठ मळायला घेते, आणि दुसरी भाकरी उतरली की भिंतीवर थाप मारते. ओव्यांपेक्षा हे बरं. भाकरीला माहेर नसतं.

दुकान जोरात चाललंय. या फिल्मवर माणसं अशी उजळ येतात, की जणू समईपुढं बसवलीत. काळीसावळी माणसं आपला फोटो बघून गालाला हात लावतात. शिराळ्याहून लोक येतात. परवा नानासोंनी मला मळ्यात बोलावलं. नानासो म्हणजे आमच्याकडचे मोठे ऊसवाले. त्यांना उभ्या उसापुढं फोटो पाहिजे होता, सांगलीच्या गुळाच्या व्यापाऱ्याला पाठवायला, म्हणजे यंदाचा ऊस कसा पोसलाय ते त्याला बसल्या जागी दिसेल. आणि बनुबाई त्यांच्या सुनेला, शालूबाईला, घेऊन आल्या. बनुबाईंचा मुलगा लालासाहेब पलटणीत आहे, बेळगावच्या कँपात, दोन वर्षं त्याला रजा नाही. त्याला बायकोचा फोटो पाठवायचा होता. फोटो असा उतरला, की मी तो वाळल्या वाळल्या स्वतः पाकिटात घालून बेळगावला टाकला. घरच्यांना दुसरी प्रत नंतर देता येईल म्हटलं. फौजी माणूस वाट बघत असतो.

बारीकसारीक तक्रारी असतात. गावाला कलेची सवय नाही.

आपला,
नाथाजी

आबा,
बारीकसारीक तक्रारी अशा आहेत. फिल्मच्या डब्यात एक लाल काच होती. हे फोटो घेताना ती भिंगावर लावतात. तुम्हाला कळवली नाही, कारण 'धंद्यात एखादं गुपित आपलंही असावं' असं यांचं म्हणणं.

नानासोंचा ऊस फोटोत पांढरा आलाय. म्हणजे सगळं रान पांढरं. कापूस फुटावा तसं पान न् पान, आणि वर आभाळ काळंभोर. मध्ये नानासो पटका बांधून हसतायत. सांगलीच्या व्यापाऱ्यानं उलट टपाली विचारलंय की उसाला रोग कसला पडलाय.

दुसरं त्याहून वाईट. या काचेतून घेतलेल्या एकाही फोटोत बायकांच्या कपाळावर कुंकू येत नाही. शालूबाईनं चांगलं ठसठशीत लावलं होतं. फोटोत ते नाही. पुसलेलं वाटावं असंही नाही, कधी लावलंच नव्हतं असं स्वच्छ कपाळ. मी घरातल्या सगळ्या फोटोंवर काळ्या शाईनं टिकली काढली. पण बेळगावला गेलेला फोटो मला दिसलाच नाही. यांना विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं नाही, तर म्हणाले, मी परक्या बाईच्या कपाळाकडं बघत नाही.
लीला


आष्टा, ता. २५ मार्च १९४६

तीर्थस्वरूप आप्पासो यांस, सा. न.

हे घाईत लिहितोय. लालासाहेब आलाय.

बेळगावच्या कँपात टपाल वाटलं, त्यानं सगळ्या दोस्तांदेखत पाकीट उघडलं. बायकोचा फोटो. कपाळ मोकळं, अंगाची कांती संगमरवरासारखी, ओठ पांढरे. फोटो दोस्तांत फिरला. एकानं टोपी काढली. लालासाहेबाला वाटलं, घरी आपण मेल्याची तार गेली! नावाचा घोटाळा झाला असणार, पलटणीत लालासाहेब काय एकटा आहे? तो फोटो घेऊन तडक कचेरीत गेला आणि सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, मी मेलोय का तेवढं बघा."

कारकुनानं वही काढली. वहीत तो जिवंत होता. तशी तार कुणी केली नव्हती. पण माणूस काही शांत होईना, म्हणून साहेबानं फोटो बघितला, मग लालासाहेबाकडं बघितलं, आणि रजा दिली. म्हणाला, घरी जाऊन उभा राहा म्हणजे त्यांची खात्री पटेल.

दोन वर्षं न मिळालेली रजा मिळाली ती माझ्या फोटोमुळं, हे कुणी लक्षात घेत नाही.

मोटारीतून उतरल्यापासून घरापर्यंत तो पळत गेला. बनुबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"आये! मी हाय! मी जित्ता हाय!"

"मग कोन म्हनलं न्हाईस म्हनून? रजा मिळाली व्हय रं?"

आतून शालूबाई आली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लालासाहेब उंबऱ्यावर बसला तो उठेचना. मग त्यानं खिशातून फोटो काढला. तो बनुबाईंनी बघितला.

त्या दुकानात आल्या तेव्हा मी काळ्या खोलीत कामात होतो. त्यांचा आणि लीलाचा संवाद मला दारातून ऐकू येत होता.

"कुठं हाय तुजा नवरा?"

"आत फिल्म धुतायत, मावशी."

"भाईर काढ त्येला. त्येला बी धुवायचाय."

आता गावात असं पसरलंय की माझी काच नवरा खाते. बायका फोटो परत आणून टाकतायत. सुतार, ज्याला मुळात नवराच नाही, तोही आणून टाकून गेला. नानासोंच्या व्यापाऱ्यानं सौदा थांबवलाय, ते वेगळेच तापलेत. येत्या रविवारी सकाळी चावडीवर बसायचं ठरलंय. तिथं मी समाधान केलं नाही तर दुकान गावातून उठवायचं, असं बनुबाईंनी सांगून ठेवलंय, आणि त्यांच्या शब्दाबाहेर आमची आळी नाही.

आप्पासो, कुंकू आणणारा एखादा डेव्हलपर आहे का? मी मेटॉल वाढवून बघितलं. टाकणखार वाढवून बघितला. चोरून पायरोही केला, हात तपकिरी झाले, कुंकू आलं नाही. चार भाकरी होईपर्यंत ठेवली, सहा भाकरी होईपर्यंत ठेवली. भाकरी खायला माणसं उरली नाहीत, पण कपाळ मोकळंच. दुकान उठलं तर मी केरबाबरोबर ट्रक चालवीन, माझं काही नाही. पण आपल्याला सोडून इथं आलेल्या मुलीला मी काय तोंड दाखवू, एवढंच सुचत नाही.

या वेळी कार्ड नको. कार्डावर मावणार नाही.

आपला,
नाथाजी

आबा,
त्या दिवशी काळ्या खोलीत फिल्म नव्हती. हे तिथं दुपारभर उकिडवे बसले होते. बाहेर आले तेव्हा दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि मला म्हणाले, "तू माहेरी जायचं म्हणालीस तर मी अडवणार नाही." मी म्हणाले, माहेरचं दार उघडं असतं तर कधीच भांडून गेले असते.

हे तोंडानं मागणार नाहीत म्हणून मी मागते. लग्न केल्यापासून तुमच्याकडं काही मागितलं नाही. रविवारच्या आत याल का? चावडीवर काय बोलायचं ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही.
लीला


आष्टा, ता. ४ एप्रिल १९४६

सौ. अंबूबाई हिस अनेक आशीर्वाद.

मी विमानाची फिल्म बघायला आष्ट्याला जातोय, दुसऱ्या कशासाठी नाही, हे तुला निघताना सांगितलं होतं. तू तोंडाला पदर लावलास. तो कशासाठी लावलास ते मला समजलं.

शनिवारी पोचलो. मुलगी बरी आहे. थोडी वाळलीय. मला बघून रडली नाही, आधी पाणी आणलं, मग रडली. तिचा नवरा पाया पडला. मी लीलाला म्हणालो, "त्याला म्हणावं, ती काच दाखव." त्यानं काच माझ्या हातात दिली. ती डोळ्याला लावून मी सहज लीलाकडं बघितलं. मला त्याचा सारा घोटाळा तिथंच दिसला. तीन आठवडे हा माणूस ती काच भिंगाला लावत होता, पण स्वतःच्या डोळ्याला लावून बघावी असं त्याला सुचलं नाही. तो डेव्हलपर बदलत बसला. फिल्मनं जे पाहिलंच नाही ते कुठल्या बाटलीतून आणणार?

रविवारी चावडी माणसांनी भरली होती. बनुबाई पुढं बसल्या होत्या, शेजारी सून आणि तो फौजी. जावई उभा राहिला आणि त्यानं मेटॉलपासून सुरुवात केली. लोक ऐकत होते. तो टाकणखारापर्यंत आला तेव्हा मागून वाणी ओरडला, "तोंड बरं न्हाई झालं अजून!" मी लीलाला म्हणालो, "त्याला म्हणावं, खाली बस." तो बसला.

मी काच घेऊन बनुबाईंपुढं गेलो. म्हणालो, "बाई, डोळ्याला लावा आणि सुनेकडं बघा."

"म्या न्हाई लावायची. नवरं खाती ती."

तेव्हा तो लालासाहेब उठला. उंच, शिडशिडीत पोरगा. म्हणाला, "आणा हिकडं. मी बघतो. फौजंतलं जेवन खाऊन जगलोय, काच काय खाती मला." त्यानं काच डोळ्याला लावली.

"आयला! गेलं की!"

"काय गेलं?" बनुबाई.

"कुक्कू!" त्यानं काच खाली घेतली. "आलं!" परत लावली. "गेलं!"

बनुबाईंनी त्याच्या हातातून काच ओढून घेतली. सुनेकडं बघितलं. काच लावून बघितलं, काढून बघितलं. मग शेजारच्या बाईकडं, मग पाटलाच्या लाल पटक्याकडं. "आगं बया, पाटलाचा पटका धुतल्यावानी झाला!" मग त्या हसायला लागल्या, आणि त्या हसल्या म्हटल्यावर आळी हसायला लागली. पुढचा तासभर ती काच हातोहात फिरत होती. नवरे बायकांकडं बघत होते, बायका नवऱ्यांच्या लाल उपरण्यांकडं बघत होत्या. शालूबाई तेवढी लाजून खांबामागं गेली, तर लालासाहेब काच घेऊन तिच्या मागं.

नानासोंनी चावडीच्या दारातून आपल्या उसाकडं बघितलं आणि म्हणाले, "आवं, माझा ऊस काय पांढरा दिसंना ह्यातनं. हिरव्याचा काळा दिसतोय."

खरं होतं. मी म्हणालो, "नानासो, कुंकवाचं मला समजलं. उसाचं मला माहीत नाही. आपल्या डोळ्याला न दिसणारं काहीतरी त्या फिल्मला दिसतंय. तिला ऊस असाच दिसत असेल." एवढ्या लोकांत 'मला माहीत नाही' म्हणायची माझी पहिलीच वेळ. तू नव्हतीस ते बरं झालं. नानासोंनी पुन्हा काचेतून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे रोग न्हाई न्हवं?" मी म्हणालो, "तुमच्या उसाला नाही." त्यांनी मंगळवारी व्यापाऱ्याला सांगलीहून बोलावून घेतलं, मळ्यात उभा केला आणि ऊस मोडून हातात दिला. व्यापारी सबंध खाऊन गेला. सौदा झाला.

बनुबाईंनी निकाल दिला तो असा. दुकान राहायचं. काचही राहायची, पण बाईमाणूस पुढं बसलं की ती डब्यात घालायची. आणि पोराचा अन् सुनेचा जोडीनं फोटो काढायचा, आजच, त्यांच्या डोळ्यांदेखत. तो घेतला. काच काढली होती. लालासाहेब असा ताठ बसला की जणू गोळी झाडणार आहेत, म्हणून मी त्याला शेवटी बायकोकडं बघायला सांगितलं. तेव्हा जरा माणसासारखा दिसला.

फिल्म धुवायला मी आणि जावई काळ्या खोलीत गेलो. लीला बाहेर बनुबाईंना चहा देऊन भाकरी करायला चुलीपुढं बसली होती. आल्यापासून मी त्याच्याशी जे बोललो ते लीलाच्या मार्फत. आत लीला नव्हती. तशी गरजही नव्हती, काम दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं ट्रे घेतला, मी घेतली फिल्म. अंधार असा की स्वतःचा हात दिसेना. सरकताना त्यानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला टाचेनं दिला.

"पाय काढ, गाढवा," मी म्हणालो.

पाय निघाला. पण ट्रेमधल्या पाण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, दुखावला. घरचा मालक आहे, बाहेर गाव बसलंय, आणि मी आपला दुकानात असल्यासारखा. शेवटी म्हणालो, "ट्रे हलव. नाहीतर डाग पडतील."

"हलवतो, आबा," तो म्हणाला.

तो आजवर मला आप्पासो म्हणत आलाय. मग बराच वेळ आम्ही उभे होतो आणि तो ट्रे हलवत होता. भिंतीवर लीलाची थाप पडली ती आम्हाला दोघांनाही ऐकू आली, पण त्यानंही फिल्म लगेच काढली नाही आणि मीही काढ म्हणालो नाही. फोटो जरा गडद आला. कुंकू मात्र असं आलंय की बनुबाईंनी फोटो शेजारणीला दाखवताना त्याच्यावर बोट ठेवून ठेवून तिथं डाग पाडलाय.

फिल्मबद्दल लिहायचं तर अंबू, अशी चीज मी आयुष्यात बघितली नाही. काल आम्ही दोघं काच लावून कृष्णेकाठी गेलो. नदी काळी आणि काठची सगळी झाडं पांढरी. मी तो फोटो अजून दोरीवरून काढू दिलेला नाही. मधूनमधून जाऊन बघतो.

आता माझ्या येण्याचं. मी रोज सकाळी पिशवी भरतो, आणि रोज मोटारीच्या वेळेला जावयाला कामात अडचण येते. सोमवारी त्याचं थर्मामीटर फुटलं. ते मागच्या अंगणात शाबूत सापडलं. मंगळवारी त्याला पडला प्रश्न, मेटॉल गरम पाण्यात विरघळवायचं का गार. काल सल्फाइटचा वास बरोबर नाही म्हणून मला बसवून घेतलं. सल्फाइटला वास कुठला आला? पण मी वास घेऊन बघितला. आणि आज, माझा एक पाय पायरीवर असताना, सात वर्षं माझ्या हाताखाली काम केलेला हा माणूस मला विचारतो, "आबा, आधी हायपो का आधी डेव्हलपर?"

लीला दाराआड तोंड फिरवून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

मी पिशवी खाली ठेवली. त्याला पाटावर बसवला आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. तोही मान डोलावून ऐकत होता. आम्ही शेवटच्या पायरीला, म्हणजे हायपोपर्यंत, पोचलो तेव्हा मोटार निघून गेल्याचा आवाज आला.

उद्या तो काय विचारणार आहे ते बघायला मला थांबावं लागेल. परवाचंही काही सांगता येत नाही. तेव्हा माझी वाट बघू नकोस. दुकानाला कुलूप लाव, किल्ली शेजारी दे, आणि तूच ये.

आप्पासो